फुकटच्या लॅपटॉपचे तीनशे चौऱ्याऐंशी पौंड

नमस्कार ताई,

आम्ही नाशिकचे. मिस्टरांच्या नोकरीमुळे गेल्या डिसेंबरात लेस्टरला आलो, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी सप्टेंबरपासून इयर सेव्हनला, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात जाणार, आणि शाळेने सांगितलंय की घरी लॅपटॉप असलेला बरा. परवा शॉपिंग सेंटरमध्ये एका ब्रॉडबँड कंपनीच्या काउंटरवरच्या मुलाने थांबवलं. २४ महिन्यांचा करार, ५०० एमबीपीएसचा वेग, महिन्याला ४२ पौंड, आणि ३९९ पौंडांचा लॅपटॉप फुकट. घरी येऊन वेबसाइट पाहिली तर लॅपटॉपशिवाय तेच कनेक्शन ३१ ला आहे आणि १५० एमबीपीएसचं २६ ला. सध्या आम्ही घरमालकाचंच कनेक्शन वापरतो, ते ऑगस्टमध्ये बंद होणार. मिस्टर म्हणतात, एकदम पैसे काढण्यापेक्षा हे बरं. मला कुठेतरी खुपतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. लेकीला त्या लॅपटॉपचा गुलाबी-सोनेरी रंग इतका आवडलाय की रोज विचारते. माझा भाऊ दिवाळीत इकडे येतोय, त्याला नाशिकहून लॅपटॉप आणायला सांगू का? तो काउंटरवाला शनिवारी फोन करणार आहे. त्याने दिलेल्या कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडलेत.

— एक वाचक, लेस्टर

नमस्कार ताई,

आधी मिस्टरांची बाजू घेते, कारण पत्रात ती दोन ओळींत आटोपली आहे. नव्याने आलेल्या घरात रोख पैशांची चणचण कशी असते ते मला ठाऊक आहे. व्हिसाची फी वेगळी, आणि वर तो व्हिसासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा आरोग्य अधिभार. मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड, मुलामागे ७७६. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर तिघांचे मिळून साडेआठ हजारांच्या वर जातात, तेही सगळे आधीच. कंपनीने भरले असतील तर नशीबवान. शिवाय घराची अनामत, पलंग, गाद्या, थंडीचे कोट. अशा वर्षात कुणी म्हणालं की आत्ता काही देऊ नका, महिन्याला थोडं थोडं द्या, तर त्यात हुशारी दिसणारच. मिस्टर चुकत नाहीयेत. ते ज्या आकड्याकडे बघताहेत तो आकडा अपुरा आहे, एवढंच.

आता तुम्ही पाठवलेला पहिला फोटो. तुमचा अंगठा नेमका त्या कागदाच्या सगळ्यात महत्त्वाच्या ओळीवर आलाय. मोठा करून पाहिला, तर अंगठ्याच्या कडेने अर्धी ओळ दिसते: दर वर्षी एप्रिलमध्ये मासिक दर ३.५० पौंडांनी वाढेल. म्हणजे ४२ हा तुमचा दर फक्त मार्चपर्यंत. ही ओळ इतकी स्पष्ट छापलेली आहे त्याचंही एक कारण आहे. पूर्वी करारात 'महागाईचा दर अधिक ३.९ टक्के' असं लिहिलेलं असायचं, आणि पुढच्या वर्षी महागाई किती असेल ते ना ग्राहकाला माहीत, ना विकणाऱ्याला. २०२३ च्या वसंतात त्या सूत्राने पुष्कळ जणांची बिलं एका फटक्यात १४ टक्क्यांहून जास्त वाढली. शेवटी ऑफकॉमने, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाने, १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत वाढ किती ते पौंड-पेन्समध्ये आधीच सांगायचं बंधन घातलं. वाढ करू नका असं मात्र ऑफकॉमने म्हटलेलं नाही.

तर हिशोब करू. करार ऑगस्टमध्ये सुरू झाला असं धरा. ऑगस्ट ते मार्च आठ महिने ४२ प्रमाणे ३३६. मग बारा महिने ४५.५० ने ५४६. शेवटचे चार महिने ४९ ने १९६. एकूण १,०७८ पौंड.

हाच हिशोब लॅपटॉप नसलेल्या ५०० च्या कनेक्शनचा केला तर ८१४ येतात. वार्षिक वाढ तीच धरली आहे. दोन्हींतला फरक २६४ पौंड. म्हणजे अगदी त्या मुलाच्याच बाजूने विचार केला, तरी लॅपटॉप फुकट नाही, २६४ ला आहे.

पण तुम्हाला ५०० हवंय कुणी सांगितलं? घरात तीन माणसं. मिस्टर घरून काम करतात तेव्हा टीम्सवर व्हिडिओ कॉल, लेकीचा अभ्यास, संध्याकाळी टीव्ही. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की सगळ्यात भारी दर्जाच्या चित्राला १५ एमबीपीएस पुरतात. व्हिडिओ कॉलला त्याहून खूपच कमी. तिघांनी एकाच वेळी सगळं चालू ठेवलं तरी १५० मध्ये जागा उरते. लेस्टरच्या फ्लॅटमध्ये वायफाय अडतं ते बहुधा भिंतींपाशी, लाइनपाशी नाही. राउटर कपाटामागे ठेवलात तर ५०० चं कनेक्शनही बेडरूममध्ये रडेल. म्हणून तुमची खरी तुलना २६ च्या कनेक्शनशी. त्याचे २४ महिन्यांचे होतात ६९४. आणि १,०७८ मधून ६९४ गेले की उरतात ३८४.

तो लॅपटॉप तुम्हाला ३८४ पौंडांना पडणार आहे. ही त्याची किंमत. कागदावरचे ३९९ ही किंमत नव्हे, तो नुसता छापलेला आकडा आहे.

आता ३८४ पौंडांत तुमच्या हाती काय येतं ते बघू, कारण खुपणारा काटा मला वाटतं इथेच आहे. कागदाच्या मागच्या बाजूला, तुम्ही दुसऱ्या फोटोत घेतलंय ते, बारीक अक्षरांत मॉडेल नंबर आहे. मी तो नंबर शोधला. या आठवड्यात तोच लॅपटॉप दोन दुकानांच्या वेबसाइटवर १८९ पौंडांना आहे, आणि एका ठिकाणी सेलमध्ये त्याहून थोडा स्वस्त. आत सेलेरॉन हा स्वस्तातला प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. विंडोज ११ चालायला मायक्रोसॉफ्टने जी किमान अट घातली आहे, ती नेमकी हीच: ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण. तुमच्या लेकीचा लॅपटॉप उंबरठ्यावर जेमतेम पाय टेकवून उभा आहे. विंडोज स्वतःच त्या ६४ मधली बरीच जागा व्यापतं. मग मोठं अपडेट आलं की 'जागा अपुरी आहे' असा संदेश येतो, आणि अकरा वर्षांची मुलगी रात्री नऊ वाजता गृहपाठ अपलोड करताना रडवेली होऊन तुमच्यापुढे उभी राहते. त्यातली साठवण ईएमएमसी प्रकारची आहे, म्हणजे बोर्डावरच चिकटवलेली. साध्या लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे साठवणीचा सुटा भाग, काढून मोठी घालता येते, तसं इथे होत नाही. या वर्गातल्या लॅपटॉपमध्ये रॅमही बहुधा तशीच असते.

कागदावर 'एस मोड' असंही आहे. घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की मायक्रोसॉफ्टच्या दुकानातलीच ॲप्स त्यावर बसतात. सेटिंग्जमधून ते फुकटात बंद करता येतं, पण एकदा बंद केलं की परत चालू होत नाही.

मी एवढी खोलात शिरले त्याला कारण आहे. २००८ साली मी हेच करून बसले होते.

तेव्हा इथे दर दुसऱ्या दुकानाच्या काचेवर 'फ्री लॅपटॉप' अशा पाट्या लागलेल्या असायच्या. छोटे, नऊ इंची, खेळण्यासारखे दिसणारे नेटबुक नुकतेच निघाले होते, आणि मोबाइल ब्रॉडबँडचं डाँगल घेतलं की ते सोबत मिळायचं. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने आम्ही रेडिंगमधल्या एका दुकानातून तो संच उचलला. महिन्याला ३५ पौंड, २४ महिने. ८४० होतात हे मी तेव्हा गुणून पाहिलंसुद्धा नाही. महिन्याला ३ जीबी डेटा होता. पुण्याला भावाच्या घरी आई आली की रविवारी स्काइप लावायचो, आणि तिसऱ्या रविवारी कोटा संपायचा. त्यापुढच्या प्रत्येक एमबीचे वेगळे पैसे. मग आम्ही घर बदललं. नव्या घरात सिग्नल फक्त बाथरूमच्या खिडकीत यायचा. डाँगल सेलोटेपने काचेला चिकटवायचं, लांब यूएसबी केबल दारातून बाहेर ओढायची, आणि पॅसेजमध्ये जमिनीवर बसून ईमेल बघायचे. घरात कुणाला बाथरूमला जायचं असेल तर इंटरनेट बंद! चौदाव्या महिन्यात नेटबुकची स्पेस बार आणि तीन अक्षरं चालेनाशी झाली. दुकानवाले म्हणाले उत्पादकाकडे जा, उत्पादक म्हणाला वॉरंटी वर्षाची होती, नेटवर्कवाले म्हणाले आमचा करार डेटाचा आहे, लॅपटॉप ही भेट होती. उरलेले दहा महिने आम्ही बंद नेटबुकचे आणि बाथरूमच्या खिडकीतल्या सिग्नलचे ३५ पौंड भरत राहिलो.

आवळा देऊन कोहळा काढणं म्हणजे काय ते शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं. समजलं रेडिंगला.

तेव्हापेक्षा आता कायदे बरे आहेत, हे खरं. करार करण्याआधी त्याचा सारांश लेखी द्यावाच लागतो, जून २०२२ पासून. तुम्ही पाठवलेला कागद म्हणजे तो सारांश नव्हे, ती जाहिरातीची चिठ्ठी आहे. फोनवर किंवा वेबसाइटवर करार केलात तर १४ दिवसांत कारण न देता मोडता येतो. मधल्या दिवसांत वापरलं असेल तर तेवढ्याचे पैसे लागतात, आणि लॅपटॉप आला असेल तर परत करावा लागतो. म्हणून मुदत संपेपर्यंत खोका फोडायचा नाही. पण दुकानात किंवा त्यांच्या कायमच्या काउंटरवर उभं राहून सही केलीत, तर ही १४ दिवसांची सवलत कायद्याने आपोआप मिळत नाही. कंपनीने स्वतःहून दिली तरच. बहुतेकांना वाटतं की इंग्लंडात काहीही चौदा दिवसांत परत करता येतं. तसं नाही. 'फक्त आजच' म्हणत काउंटरवरच सही घेण्याची घाई असते ती उगीच नाही.

आणखी एक गोष्ट फुकटच्या वस्तूबाबत विचारायची असते, आणि कुणी विचारत नाही: ती हातात कधी येते? अशा बऱ्याच ऑफरमध्ये कनेक्शन सुरू झाल्यावर ठरलेल्या मुदतीत ती भेट वेबसाइटवर जाऊन मागावी लागते, आपोआप घरी येत नाही. मुदत चुकली की गेली. कनेक्शन ऑगस्टअखेर लागलं, त्यानंतर मागणी, मग पाठवणी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा सुरू होईल तेव्हा तो गुलाबी-सोनेरी लॅपटॉप गोदामातच असेल, अशी शक्यता बरीच आहे.

मला मात्र लॅपटॉपपेक्षाही तुमच्या २४ महिन्यांची काळजी जास्त वाटते. भाड्याचं घर, नवी नोकरी, मुलीची शाळा अजून सुरू व्हायची आहे. पुढच्या वर्षी याच पत्त्यावर असाल का, हे तुम्हाला तरी सांगता येईल का? घर बदललं आणि नव्या पत्त्यावर या कंपनीची लाइन पोचत नसेल, तरी उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले जाऊ शकतात. समजा चौदा महिन्यांनी बाहेर पडायची वेळ आली. लॅपटॉपच्या करारात उरलेल्या दहा महिन्यांची बिलं ४६९ पौंडांची होतात. व्हॅट वगैरे वजा करून कंपनी थोडं सोडते, तरी चारशेच्या आगेमागे भुर्दंड बसेल. २६ च्या कनेक्शनला तोच भुर्दंड अडीचशेच्या आसपास राहील. दोन्ही वाईट, पण भेटवस्तूच्या नावाखाली बिल फुगवलं की बाहेर पडायची किंमतही फुगते, हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

म्हणून लाइनच्या बाबतीत मी काय करेन ते सांगते. आधी त्या पत्त्यावर महिन्या-महिन्याचा करार कोण देतं ते बघेन. असे करार असतात. दरमहा चार-पाच पौंड जास्त पडतात आणि कधी सुरुवातीला बसवणीचे पैसे घेतात, पण महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं. १२ महिन्यांचा मिळाला तर उत्तम. नाहीच मिळालं तर २६ चं १५० एमबीपीएस घ्या, आणि घर बदलल्यास काय होईल ते कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. किमान किती वेग मिळेल याची हमीही विचारा. ऑफकॉमच्या संहितेवर सही केलेल्या कंपन्यांना ती द्यावी लागते, आणि हमी दिलेला वेग मिळाला नाही, ३० दिवसांत दुरुस्तही झाला नाही, तर दंड न भरता करार सोडता येतो. फायबरसाठी भिंतीला भोक पाडावं लागणार असेल तर घरमालकाला आधी विचारा. अनामत परत घेताना ते भोक आठवतं त्यांना.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी इथे स्वस्त 'सोशल टॅरिफ' असतात. पण ते बहुतेक युनिव्हर्सल क्रेडिटसारख्या सरकारी मदतीशी जोडलेले असतात, आणि तुमच्या व्हिसावर ती मदत घेता येत नाही. त्यामुळे तो रस्ता सोडून द्या.

क्रेडिट तपासणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण लॅपटॉपच्या करारात ती जास्त कडक होऊ शकते. इथे येऊन आठ महिने झालेल्या माणसाची क्रेडिट फाइल जवळजवळ कोरी असते. नाशिकच्या बँकेतली वीस वर्षांची पत इथे कुणाला दिसत नाही. अर्ज फेटाळला गेला आणि मग चिडून आणखी चार ठिकाणी केला, तर प्रत्येक तपासणीची नोंद राहते. फाइलमध्ये भर घालायचा सोपा आणि फुकटचा (हा खरंच फुकटचा!) उपाय म्हणजे मतदार यादीत नाव घालणं. 'आम्ही कुठे इथले नागरिक' असं म्हणू नका. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, इथे राहायची परवानगी असलेल्या भारतीयांना या देशात मतदार म्हणून नोंदणी करता येते. सरकारी वेबसाइटवर पाच मिनिटांचं काम. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मी ही गोष्ट सांगितली की गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभे असलेले, दहा वर्षं इथे राहिलेले लोकही चकित होतात.

आता लॅपटॉप. सगळ्यात आधी शाळेला ईमेल करा आणि विचारा की नेमकं काय लागतं. इयर सेव्हनचा बहुतेक गृहपाठ ब्राउझरमध्ये होतो. काही शाळा क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या प्रणालीवर चालणारा साधा लॅपटॉप, पुरेल म्हणतात, काही शाळा स्वतःच हप्त्याने किंवा उसना देतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची सॉफ्टवेअर बऱ्याच शाळांच्या खात्यातून फुकट मिळतात, म्हणजे 'एक वर्षाचं मायक्रोसॉफ्ट ३६५ मोफत' हे त्या कागदावरचं दुसरं आमिषही गळून पडतं. क्रोमबुक घेतलंत तर त्या मॉडेलला अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार ते गूगलच्या यादीत बघा. सेलमधल्या स्वस्त क्रोमबुकची ती तारीख कधीकधी अगदी दाराशी आलेली असते.

विंडोजच हवं असेल तर मी नवा घेणार नाही. ऑफिसांतून बदलून निघालेले लॅपटॉप दुरुस्त करून, वर्षाच्या वॉरंटीसह विकणारी दुकानं इथे पुष्कळ आहेत. लेनोव्होचा थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, दोनशे-सव्वादोनशे पौंडांत मिळतो. दिसायला काळा, जाडा, अगदी सरकारी बाबूसारखा. पण कीबोर्ड असा की वर्षानुवर्षं हलत नाही. घेताना एक पथ्य पाळा: इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. त्याआधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जुन्या पिढीचे लॅपटॉप बाजारात एकदम स्वस्त झालेत. 'अवघे ९० पौंड' अशी पाटी दिसली की आधी प्रोसेसर बघा. क्रेडिट कार्ड असेल तर त्यावर घ्या आणि महिनाअखेर पूर्ण भरा. १०० पौंडांच्या वरच्या खरेदीत दुकानाने हात वर केले तर कार्डवाली बँकही जबाबदार धरता येते, १९७४ च्या कायद्याने.

मिस्टरांना हे असं मांडून दाखवा. २६ चं कनेक्शन दोन वर्षं ६९४, चांगला लॅपटॉप २२०, मिळून ९१४. 'फुकट' लॅपटॉपवाला करार १,०७८. १६४ पौंड हातात राहतात आणि लॅपटॉपही दुप्पट रॅमचा. एकदम २२० काढणं जड वाटत असेल, तर तेवढे पैसे कुठून तरी तीन-चार महिन्यांसाठी फिरवणंही, महिन्याला १६ पौंड जास्त असे २४ महिने भरण्यापेक्षा स्वस्त आहे. १८९ ची वस्तू ३८४ ला हप्त्याने घेणं हे कर्जच आहे, आणि इतक्या दराने नाशिकचा सावकारही देणार नाही. बरं, देईलही कदाचित.

अशी ऑफर कधी घ्यावीच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. ब्लॅक फ्रायडेच्या सुमाराला कधीकधी कंपनी कनेक्शनचा दर तोच ठेवून वर वस्तू देते. लॅपटॉपसह आणि लॅपटॉपशिवाय दर एकच, वेग तुम्हाला लागतो तेवढाच, आणि दोन वर्षं हलायचं नाही हे पक्कं. तेव्हा डोळे मिटून घ्या. ओळखीच्या एका जोडप्याने तसा टॅबलेट घेतला आणि खोका न फोडता विकला. माझी हरकत भेटीला नाही. भेटीचे पैसे माझ्याकडून घेऊन ती मलाच हसत देण्याला आहे.

भावाला सांगू नका. तो दिवाळीत येणार, शाळा सप्टेंबरात. शिवाय तिकडेही लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे वाटतो तेवढा स्वस्त पडत नाही. कीबोर्डवर पौंडाचं चिन्ह नसतं, प्लग वेगळा, आणि वॉरंटी बहुतेक वेळा भारतापुरतीच. भावाला चिवडा आणि भाजणी आणायला सांगा. बेलग्रेव्ह रोडवर सगळं मिळतं, पण थालीपिठाची भाजणी म्हणाल तर गुजराती दुकानदार प्रेमाने ढोकळ्याचं पीठ हातात देतो.

शनिवारी फोन आला की वाद घालू नका, तो पोरगा बिचारा कमिशनवर जगतो. एवढंच म्हणा की कराराचा लेखी सारांश ईमेलवर पाठव, आणि १५० एमबीपीएसचं लॅपटॉपशिवाय, १२ महिन्यांचं काय आहे ते सांग. 'ही किंमत आजच्यापुरती' असं म्हणाला तर म्हणा, बरं, मग राहू दे. पुष्कळदा सोमवारी त्यांचाच पुन्हा फोन येतो, दोन-तीन पौंड उतरवून.

राहिला रंग. लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवायचे विनाइलचे कव्हर ऑनलाइन मिळतात, दहा पौंडांच्या आत, गुलाबी-सोनेरीसुद्धा. त्या काळ्या थिंकपॅडचं माप इंचांत मोजून मगच मागवा, आणि चिकटवायचं काम लेकीलाच करू द्या. कोपऱ्यात एखादा बुडबुडा राहिला तर राहू दे.